पेन्सिल घेऊन बस

पोरी, बुलेट ट्रेन शिकायची म्हणून तू व्हिडिओंची जी लांबलचक यादी करून ठेवली आहेस, ती आधी बाजूला ठेव. यादी वाईट नाही. पण पडद्यावर गाडी सुसाट निघून गेली की आपल्याला सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि कोरा कागद समोर आला की दोन ओळीही उतरत नाहीत. म्हणून शिकायला बसताना मोबाइलच्या शेजारी वही, पेन्सिल आणि साधा कॅल्क्युलेटर असू दे. एखादा आकडा कानावर पडला की व्हिडिओ थांबवायचा आणि विचारायचं, हाच आकडा का? याच्या दुप्पट का नाही, निम्मा का नाही? ज्या आकड्याचं कारण तुझ्या हाताने वहीत उतरलं, तेवढंच तू शिकलीस. बाकीचं नुसतं पाहिलंस.

दुसरी गोष्ट, सगळं जग एकदम धरू नकोस. जपान, फ्रान्स, जर्मनी, स्पेन, चीन यांच्या गाड्यांची नावं पाठ करणारी मुलं मला खूप भेटतात. नावं येतात, पण गाडी त्या वळणावर हळू का होते ते सांगता येत नाही. तू एकच मार्ग धर. आपला मुंबई-अहमदाबाद घे: ५०८ किलोमीटर, बीकेसीपासून साबरमतीपर्यंत १२ स्थानकं, त्यातली ठाणे, विरार आणि बोईसर ही तर तुझ्या रोजच्या वाटेवरची नावं. आणि त्याच्या शेजारी त्याचं मूळ घराणं ठेव, टोकियो ते शिन-ओसाका हा तोकाइदो शिनकान्सेन, १ ऑक्टोबर १९६४ ला सुरू झालेला, ५१५ किलोमीटरचा. लांबी जवळजवळ तेवढीच आणि मधे साठ वर्षांचं अंतर. एकात जे आहे ते दुसऱ्यात का बदललं, एवढाच प्रश्न घेऊन बसलीस तरी तुझं वर्ष भरेल.

आपल्या मार्गाचा फायदा असा की त्याची कागदपत्रं उघडी आहेत. जपानच्या जायका संस्थेने आपल्या रेल्वे मंत्रालयासोबत व्यवहार्यतेचा संयुक्त अभ्यास केला होता. त्याचा जुलै २०१५ चा अंतिम अहवाल संस्थेच्या ऑनलाइन ग्रंथालयात फुकट मिळतो. जाडजूड आहे, घाबरू नकोस. पहिल्या पानापासून वाचायला घेतलास तर तिसऱ्या दिवशी सोडून देशील. आधी सारांश वाच, मग मार्गाचे नकाशे, मग रूळ, वीज आणि सिग्नल यांची प्रकरणं. प्रवाशांचे अंदाज आणि पैशाची गणितं सगळ्यात शेवटी. एक लक्षात ठेव, त्यातले खर्चाचे आणि तारखांचे आकडे आता जुने झालेत. त्या अहवालातून कारणं घ्यायची, आणि आजचे आकडे बांधकाम करणाऱ्या नॅशनल हायस्पीड रेल कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावरून.

आता तुला न आवडणारं सांगतो. पहिला महिना-दीड महिना जलदगतीला हातच लावायचा नाही. साधी रेल्वे शिकायची. रूळ, स्लीपर, खडी, सांधा, वेल्डिंग, पॉइंट्स, ब्लॉक सेक्शन. जलदगती रेल्वेत यातलं काहीच रद्द होत नाही, फक्त चुकीला जागा उरत नाही. पुण्याला कोरेगाव पार्कात इरिसेन आहे, रेल्वेच्या स्थापत्य अभियंत्यांची प्रशिक्षण संस्था. तिची पुस्तकं पीडीएफमध्ये तिच्याच संकेतस्थळावर मिळतात. वळणांवरचं, लांब वेल्डेड रुळांवरचं, पुलांवरचं, एकेक विषयाचं एकेक. लिहिणारे स्वतः सेक्शनवर उन्हात उभे राहिलेले लोक आहेत, म्हणून भाषा कोरडी असली तरी प्रत्येक वाक्याला वजन आहे. सोबत एनपीटेलचा रेल्वे अभियांत्रिकीचा एखादा कोर्स लाव. आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, व्हिडिओ फुकट, परीक्षा द्यायची तर फी भरायची. नोकरीसाठी प्रमाणपत्र लागतं असं नाही, पण फी भरली की माणूस दर आठवड्याची असाइनमेंट वेळेवर टाकतो, म्हणून भर. आणि असाइनमेंटची उत्तरं ग्रुपवर फिरतात, ती बघू नकोस. त्यात मार्क मिळतात, पण तुझी चूक कुठे होते ते कळायचं राहून जातं.

एवढं झालं की वेगाकडे ये, आणि वेगाकडे येताना ब्रेककडून ये. ताशी ३२० किलोमीटरला ३.६ ने भाग. सेकंदाला ८९ मीटर येतात. आता सोयीसाठी धर की गाडीचा वेग दर सेकंदाला एक मीटरने कमी होतो. वेगाचा वर्ग भागिले दोन, की थांबायचं अंतर मिळालं. ताशी १०० च्या गाडीला साधारण ३८५ मीटर लागतात. ३२० च्या गाडीला जवळजवळ चार किलोमीटर. वेग सव्वातीन पट झाला आणि अंतर दहा पटींच्या वर गेलं. हे गणित एकदा हाताने केलंस की पुढची निम्मी जलदगती रेल्वे आपोआप उलगडते. चार किलोमीटर पुढचं कोणाला दिसतं? रुळाच्या कडेचा दिवा डोळ्यांनी वाचून गाडी थांबवायची, ही आमच्या लोको पायलटची सगळी विद्या इथे निरुपयोगी ठरते. म्हणून १९६४ मध्येच जपान्यांनी कडेचे सिग्नल सोडून वेगाची मर्यादा थेट चालकाच्या समोरच्या पट्टीवर दाखवली, आणि ती ओलांडली तर गाडी स्वतःच ब्रेक लावेल अशी व्यवस्था केली. फ्रेंचांनी त्यांच्या पद्धतीने तेच केलं, युरोपने पुढे ईटीसीएस आणलं. नावं वेगळी, पण मुळाशी ते चार किलोमीटर आहेत. लेव्हल क्रॉसिंग का नको, दोन्ही बाजूंना कुंपण का, मार्ग खांबांवर उचलून का नेतात, हेही मग कोणी वेगळं शिकवावं लागत नाही. चार किलोमीटर आधी कळल्याशिवाय थांबू न शकणाऱ्या गाडीसमोर म्हैस येऊन चालत नाही.

वळणावर मात्र जरा जास्त वेळ बस. मी आयुष्यभर रूळच पाहिले, म्हणून माझा कल तिकडे असेल, पण या विषयाची नाडी मला तिथेच सापडते.

वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवतात, त्याला आम्ही कँट म्हणतो. गाडी बाहेर फेकली जाऊ नये म्हणून नेमकी किती उंची लागेल ते काढायचं सूत्र सोपं आहे. ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग कर, त्याला मीटरमधल्या त्रिज्येने भाग, आणि ११.८ ने गुण. उत्तर मिलिमीटरमध्ये येतं. ११.८ कुठून आले? स्टँडर्ड गेजमध्ये दोन रुळांच्या मध्यांमधलं अंतर साधारण १५०० मिलिमीटर धरतात, त्याला १२७ ने भागलं की ते येतात. आपल्या ब्रॉडगेजला हेच अंतर १७५० धरतात.

आता तीन गणितं कर. तोकाइदो मार्ग सुरू झाला तेव्हा कमाल वेग २१० होता आणि मुख्य मार्गावरचं सर्वांत तीव्र वळण २५०० मीटर त्रिज्येचं. उत्तर २०८ मिलिमीटर. पुढे ओसाकाच्या पश्चिमेला सान्यो मार्ग बांधताना २६० चा विचार केला आणि त्रिज्या ४००० केली. उत्तर १९९. आजच्या ३२० च्या नव्या मार्गांना ६००० च्या आसपास त्रिज्या धरतात. उत्तर २०१. तीन वेग, तीन पिढ्या, आणि उत्तर दर वेळी दोनशेच्या अवतीभवती. माझ्या मते या विषयातला सगळ्यात सुंदर योगायोग हा, आणि तो योगायोग नाही. दोनशे मिलिमीटर म्हणजे गाडीला साधारण साडेसात अंशांचा कल. गाडी वळणावर मध्येच थांबली, आणि कधीतरी ती थांबणारच, तर आतली माणसं त्या कलात उभी असतात आणि बाहेर वारा असतो. त्याहून जास्त कलवायचं नाही, असं ठरलं. कँट अडला, तेव्हा वेग वाढवायला एकच वाट उरली, वळण मोठं करायचं. (प्रत्यक्षात कँट हिशेबापेक्षा थोडा कमी ठेवून उरलेला धक्का चालवून घेतात. त्याचे नियम देशोदेशी वेगळे. ते नंतर शिक.)

मग तोकाइदोवर काय झालं बघ. वेग २७० वर गेला, वळणं मात्र तीच राहिली. गणित ३४४ मिलिमीटर मागतं. आधीच्या गाड्या त्या वळणांवर वेग उतरवत. २००७ मध्ये आलेली एन-७०० गाडी हवेच्या स्प्रिंगांनी आपला डबा आतल्या बाजूला फक्त एक अंश झुकवते, आणि तेवढ्यावर ती २७० ने वळण घेऊन जाते. एका अंशासाठी केवढा खटाटोप! १९६४ च्या माणसांनी वळण जरा मोठं घेतलं असतं तर हे लागलं नसतं, असं आज म्हणणं सोपं आहे. त्यांना तेव्हा २१० हेच जगावेगळं होतं.

तू ही वळणं स्वतः मोजावीस असं मला वाटतं. त्याला कोणी सेक्शनवर सोडायला नको. आम्ही २० मीटरची दोरी रुळाच्या कडेला ताणून धरायचो आणि दोरीच्या मध्यापासून रूळ किती दूर आहे ते पट्टीने मोजायचो. त्याला व्हर्साइन म्हणतात. तेच तू उपग्रहाच्या नकाशावर कर. मोजपट्टीचं साधन घे, वळणावरच्या दोन बिंदूंमध्ये बरोबर २ किलोमीटरची सरळ रेघ ओढ, तिच्या मध्यापासून रुळापर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोज, आणि पाच लाखांना त्या आकड्याने भाग. त्रिज्या मिळाली. ८३ मीटर भरले तर त्रिज्या सहा हजारांची, २०० भरले तर अडीच हजारांची. गुजरातेत आपला उन्नत मार्ग उपग्रहचित्रात दिसायला लागला आहे, तिथे मोज. मग जपानमध्ये मोज. मग आपल्या कर्जतच्या वरचा घाट घे. तिथे २ किलोमीटरची रेघ मावणार नाही, २०० मीटरची घे आणि पाच हजारांना भाग. तीन उत्तरं एकाखाली एक लिहिलीस की जलदगतीला जुना मार्ग का चालत नाही, नवा का लागतो, यावर तुला निबंध लिहावा लागणार नाही.

आणि हेही त्याच पानावर लिही. सहा हजार मीटरचं वळण एखाद्या वाडीसाठी, विहिरीसाठी, चिकूच्या बागेसाठी अंग चोरू शकत नाही. मार्ग इथे दोनशे मीटर सरकवायचा तर मागे-पुढे कित्येक किलोमीटर सरकवावा लागतो. पालघरच्या गावांमध्ये जमिनीवरून जो विरोध झाला, तो समजून घेताना हे गणित माहीत असावं. पण गणित कळलं म्हणून ज्याची जमीन गेली त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. पुनर्वसनाचे आणि पर्यावरणाचे अहवालही सार्वजनिक आहेत, तेही वाचायचे. रेल्वेचा माणूस नुसता रुळाकडे बघून चालत नाही.

चढाचं गणित थोडक्यात सांगतो, पण ते चुकवू नकोस, कारण ते तुला चकित करेल. बोरघाटाचा चढ ३७ ला १. म्हणजे हजार मीटरला २७. त्यासाठी कर्जतला गाडीला मागून बँकर इंजिनं लागतात, हे तू लहानपणापासून बघितलं आहेस. आता पॅरिस-लिऑन हा फ्रान्सचा पहिला जलदगती मार्ग बघ, १९८१ मध्ये सुरू झालेला. त्याचा सर्वांत तीव्र चढ हजाराला ३५. आपल्या घाटापेक्षा उभा! आणि त्या नव्या मार्गावर बोगदा एकही नाही. टेकडी आली की फ्रेंच सरळ वर चढले आणि पलीकडे उतरले. कसं जमलं? वेग हीच शिदोरी. २६० च्या वेगाने निघालेली गाडी, घर्षण सोडलं तर, इंजिन बंद करूनही अडीचशेहून अधिक मीटर उंची चढेल. घाटात ५० ने चाललेली गाडी जेमतेम दहा मीटर. शिवाय त्यांची गाडी हलकी, सुमारे ३८५ टन आणि ताकद ६४०० किलोवॉटच्या आसपास. आपल्या २४ डब्यांच्या एक्सप्रेसचं वजन चौदाशे टन धर आणि इंजिनाची ताकद साडेचार हजार किलोवॉट. टनामागे किती किलोवॉट ते दोन्हीकडे काढ. फ्रेंचांना हे जमलं ते तिथे फक्त प्रवासी गाड्या धावणार होत्या म्हणून. मालगाडी चढवायची असती तर मार्गच वेगळा झाला असता. कोणतीही जलदगती रेल्वे समोर आली की पहिल्यांदा हा प्रश्न विचार, इथून मालगाडी जाणार आहे का? जर्मनांनी आपल्या पहिल्या नव्या मार्गांवर मालगाडीचाही विचार केला, म्हणून त्यांना चढ सौम्य ठेवावे लागले आणि बोगद्यांमागून बोगदे खणावे लागले.

विजेच्या तारेबद्दल एकच गणित. वाळत घालायच्या दोरीला एका टोकाला टिचकी मारली की लाट दुसऱ्या टोकाकडे धावते. गाडीच्या छपरावरचा, तारेतून वीज घेणारा पॅन्टोग्राफ तारेला खालून सतत तशीच टिचकी मारत चाललेला असतो. गाडी त्या लाटेच्या वेगाला गाठायला लागली की तार उसळते, ठिणग्या उडतात, वीज तुटते. लाटेचा वेग काढायचा तर तारेतला ताण न्यूटनमध्ये घे, त्याला मीटरमागच्या वजनाने भाग आणि वर्गमूळ काढ. १५० चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरला साधारण १.३४ किलो भरते. तिला २० हजार न्यूटनचा ताण दिला तर लाट ताशी ४४० च्या आसपास धावते. गाडीने त्याच्या सत्तर टक्क्यांच्या आत राहावं असा संकेत आहे, म्हणजे ३०८. आता २००७ च्या ३ एप्रिलला फ्रेंचांनी ५७४.८ चा विक्रम केला, त्याचा व्हिडिओ तुझ्या यादीत नक्की असणार. तो बघताना हे लक्षात घे की त्या दिवशी तारेचा ताण ४० हजार न्यूटनपर्यंत वाढवला होता आणि दाबही २५ ऐवजी ३१ हजार व्होल्ट केला होता. विक्रमाच्या व्हिडिओंचं मला एरवी कौतुक नाही. त्यात एक दिवस, एक गाडी, एक मार्ग असतो. पण असं काय काय बदलावं लागलं ते शोधत पाहिलास तर तोच व्हिडिओ चांगला धडा आहे.

हवेचंही तसंच. मोठ्या वेगाला विरोध मुख्यतः हवेचा, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो, लागणारी ताकद घनाने. २५० वरून ३२० वर जा, ताकद दुपटीच्या वर लागते. मिळतं काय? ५०८ किलोमीटर न थांबता कापायला २५० ने १२२ मिनिटं, ३२० ने ९५. सत्तावीस मिनिटं. आता थांब्यांचा हिशेब कर. आपल्या मार्गावर मोजके थांबे घेणाऱ्या गाडीला २ तास ७ मिनिटं आणि सगळीकडे थांबणारीला २ तास ५८ मिनिटं असं नियोजन जाहीर झालं आहे. म्हणजे ५१ मिनिटं नुसती थांब्यांनी खाल्ली. स्थानकात गाडी मिनिटभरच उभी राहते, पण ३२० वरून शून्यावर यायचं आणि पुन्हा ३२० ला जायचं यात काही मिनिटं जातात. म्हणून तुला कोणी विचारलं की गाडी किती वेगाने जाते, तर उलट विचार, थांबते किती ठिकाणी?

बोगद्याचा विषय मी जरा उडत सांगतो, कारण तो तुझा तूच आवडीने वाचशील. आपल्या मार्गावरचा बोगदा बीकेसी ते शिळफाटा २१ किलोमीटर, त्यातले ७ ठाण्याच्या खाडीखालून. वेगात बोगद्यात शिरलेली गाडी समोरची हवा दाबत नेते आणि दुसऱ्या तोंडाशी बार उडाल्यासारखा आवाज होतो. जपानच्या ५०० मालिकेच्या गाडीचं नाक खंड्याच्या चोचीवरून सुचलं, ही गोष्ट तुला हजार ठिकाणी मिळेल. ती खरी आहे. पण त्या गाडीचं नाक सुमारे १५ मीटर लांब होतं, आणि त्यापायी पहिल्या डब्यातल्या जागा आणि दारं गेली, हे सांगणारे कमी भेटतात. पुढच्या ७०० मालिकेत नाक आखूड झालं. का, ते शोध.

सगळ्यात महत्त्वाचं वाचन आता सांगतो. अपघातांचे अहवाल वाच. पाठ्यपुस्तक सांगतं की गोष्ट कशी चालावी, अहवाल सांगतो की ती कशी चालली नाही. त्यात नाट्य शोधू नकोस, क्रम शोध. जर्मनीत ३ जून १९९८ ला एशेडेजवळ आयसीई गाडी घसरली, १०१ माणसं गेली. सुरुवात कुठून झाली? आधीच्या एकसंध चाकांमुळे डब्यांत थरथर जाणवायची, विशेषतः जेवणाच्या डब्यात. ती घालवायला चाकाच्या लोखंडी धावेखाली रबराचा थर असलेली चाकं बसवली. ट्राममध्ये ती चालली होती. या वेगाला आणि या वजनाला धाव आतून थकत गेली, भेग पडली, आणि तुटलेली धाव डब्याच्या तळात घुसली. तरीही गाडी काही किलोमीटर तशीच धावली. मग पॉइंट आला, मग दुसरा, मग रस्त्याचा पूल. तुटण्यापासून पुलापर्यंत एकेक पायरी लिहून काढ, आणि प्रत्येक पायरीशी लिही की इथे काय असतं तर साखळी तुटली असती. आणि हेही टिप की तो जलदगतीचा खास मार्ग नव्हता, जुन्या मार्गावर गाडी २०० ने चालली होती.

स्पेनमधला २४ जुलै २०१३ चा सांतियागोचा अपघात त्याच्या जोडीला वाच. ८० ची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी १७९ ने शिरली. ऐंशीच्या आसपास माणसं गेली. चालक त्या वेळी कामाच्या फोनवर होता, म्हणून दोष त्याचा, असं म्हणून मोकळं होता येतं. पण जलदगती मार्गावर सतत पहारा देणारी ईटीसीएस यंत्रणा त्या वळणापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. नवा मार्ग जिथे जुन्याला मिळतो तो सांधा, तिथे डोळ्यांत तेल घालून बघायचं, हे मी तुला कोणत्याही देशाच्या मार्गाबद्दल सांगेन.

तिसरा, ज्यात कोणी दगावलं नाही असा. २३ ऑक्टोबर २००४, जपानमध्ये निगाताला भूकंप झाला आणि साधारण २०० ने धावणारी शिनकान्सेन घसरली. प्रवासी घेऊन धावणारी शिनकान्सेन घसरायची ती पहिली वेळ. सगळे वाचले. १९६४ पासून घसरून किंवा टक्कर होऊन शिनकान्सेनचा एकही प्रवासी गेलेला नाही. तरी जपान्यांनी आपण वाचलो म्हणून फाइल मिटली नाही. त्यांनी बोगींना असे दांडे बसवले की चाकं रुळावरून उतरली तरी गाडी रुळाला धरून राहावी. ज्यातून सगळे वाचले त्या अपघाताचाही अहवाल लिहायचा असतो, ही सवय आपल्याकडे कमी आहे, असं माझं मत.

शिस्तीचं थोडंसं. दिवसाला तासभर पुरे, पण रोज. एका बैठकीत एकच गणित. जपानी लोकांचं इंग्रजीतलं लिखाण हवं असेल तर जपान रेल्वे अँड ट्रान्सपोर्ट रिव्ह्यू या नियतकालिकाचे जुने अंक ऑनलाइन मिळतात. भाषा सोपी आणि लिहिणारे बरेचदा स्वतः काम केलेले. चालकाच्या केबिनमधून घेतलेले व्हिडिओ असतात, त्यातला आवाज बंद कर आणि घड्याळ लाव. स्थानकातून निघाल्यापासून पूर्ण वेगाला यायला किती वेळ लागला ते मोज, आणि त्यावरून सरासरी त्वरण काढ. आणि मशीनला प्रश्न विचारून उत्तर मिळवायची सोय आता तुमच्याकडे आहे, तर तिला उत्तर नको मागूस. आपलं गणित तिला दाखव आणि चूक शोधायला सांग. शोधलेली चूकही पुन्हा पेन्सिलीने तपास, कारण ती आत्मविश्वासाने काहीही ठोकून देते. आमच्याकडेही असे काही साहेब होते.

व्हॉट्सअॅपवर भाडं, खर्च, उद्घाटनाची तारीख यांचे आकडे फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. तो वादाचा विषय आहे, अभ्यासाचा नाही. वाद घालायचा असेल तर वर्षभराने घाल, तेव्हा तुझ्याकडे घालण्यासारखं काही असेल.

स्थापत्य, वीज की सिग्नल, हे ठरवायची घाई नको. सहा महिन्यांनी वही उघडून बघ, कोणत्या विषयाची पानं जास्त मळली आहेत, खाडाखोड कुठे जास्त आहे. सिग्नलची असतील तर सिकंदराबादच्या इरिसेटच्या नोट्स काढ. विजेची असतील तर नाशिकरोडला रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांची संस्था आहे, तिच्या बघ. वळणांचीच पानं भरली असतील तर माझ्या कपाटात माझी कँटची जुनी वही आहे, ती घेऊन जा. त्यातलं सगळं ब्रॉडगेजचं आहे, तेव्हा १७५० च्या जागी १५०० घालून प्रत्येक उत्तर नव्याने काढावं लागेल.